जिल्ह्याची हद्द आणि पालखीची भोवनी

कोकणच्या भूगोलाबद्दल शिकल्यासवरल्या माणसांत एक मत इतके रुळले आहे की ते मत आहे हेच कुणाच्या ध्यानात येत नाही. ते असे: गावाला आणि मुलखाला दोन प्रकारच्या हद्दी असतात. एक सरकारी, म्हणजे जिल्हा, तालुका, सजा, मौजे यांची. दुसरी मानाची, म्हणजे पालखी कुठवर जाते, होळीला पहिला नारळ कुणाचा, गाऱ्हाणे कुणी घालायचे, कोणत्या देवाखाली किती वाड्या याची. पहिली हद्द खरी, जुनी आणि पक्की. दुसरी सणापुरती, हौसेची, फार तर श्रद्धेची. याच मताला जोडून एक हळहळही ऐकू येते. रत्नागिरी हा परंपरेने एकसंध मुलूख होता आणि १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग वेगळा काढून सरकारने त्याचे दोन तुकडे केले, अशी ती हळहळ.

यातले एकही विधान कागदपत्रांपुढे टिकत नाही. ती तपासायला राजापूर तालुक्यातले नाटे हे गाव घ्यावे, कारण गेल्या तीन शतकांतल्या जवळजवळ प्रत्येक राजवटीची कड या गावाच्या आसपास कुठेतरी येऊन थांबलेली आहे.

आधी जागा सांगतो. नाट्याच्या दक्षिणेला जैतापूरची खाडी आहे. अर्जुना नदी राजापुराकडून येते आणि इथे समुद्राला मिळते. खाडीच्या या तीरावर नाटे, साखरीनाटे, मुसाकाजीचे बंदर आणि आंबोळगड. समोरच्या तीरावर जैतापूर. जैतापूरच्या पलीकडे माडबनचा सडा, आणि सडा उतरला की वाघोटन नदीची म्हणजे विजयदुर्गची खाडी. आज रत्नागिरी जिल्हा या दुसऱ्या खाडीवर संपतो. राजापूर हे आदिलशाहीतले नामांकित बंदर. इंग्रजांची वखार तिथे सतराव्या शतकाच्या मध्यात आली आणि १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी ती लुटली. त्या बंदरात शिरणाऱ्या गलबताला नाट्याच्या यशवंतगडासमोरूनच जावे लागे. जांभ्या दगडाचा हा किल्ला खाडीच्या तोंडावर बसलेला आहे, तो उगाच नव्हे.

आता सरकारी हद्दीच्या पक्केपणाचे बघू. १७१३-१४ मध्ये बाळाजी विश्वनाथाने कान्होजी आंग्र्यांशी तह केला, तेव्हा कान्होजींकडे राहिलेल्या दहा मोठ्या किल्ल्यांत विजयदुर्ग आणि देवगड यांच्याबरोबर यशवंतगडाचे नाव आहे. यशवंतगड नावाचा दुसरा किल्ला रेडीला आहे, पण तो मुलूख वाडीकर सावंतांचा होता; म्हणून तहातला यशवंतगड नाट्याचाच धरावा लागतो. राजापूरही त्याच तहाने आंग्र्यांकडे गेले. म्हणजे आज जी खाडी दोन जिल्हे वेगळे करते तिचे दोन्ही काठ तेव्हा एकाच धन्याचे होते.

पुढे सतरा-अठरा वर्षांतच वारणेचा तह झाला. १७३१ च्या या तहाने शाहू महाराज आणि करवीरकर संभाजी महाराज यांच्यात छत्रपतींचे राज्य वाटले गेले. शाळेत आपण वारणा आणि कृष्णा या नद्या सीमा म्हणून पाठ करतो आणि तिथेच थांबतो. तहात कोकणचे कलम वेगळे आहे, आणि माझ्या मते या सबंध वादातला तो सर्वांत महत्त्वाचा पुरावा आहे. त्या कलमाप्रमाणे साळशीच्या पलीकडचा, थेट अंकोल्यापर्यंतचा कोकण करवीरकरांच्या वाट्याला गेला. साळशी आज देवगड तालुक्यात आहे. म्हणजे विजयदुर्ग खाडीच्या थोडे दक्षिणेला कोकण दोन छत्रपतींमध्ये विभागला गेला होता, तोही १९८१ च्या अडीचशे वर्षे आधी. ‘तुकडे प्रथमच पडले’ असे म्हणणाऱ्यांनी हे कलम वाचलेले नसावे.

साळशीच का? तहात नदी घेता आली असती, घाट घेता आला असता. घेतला तो एक गाव, कारण ते गाव महालाचे ठाणे होते. आणि त्याच साळशीच्या सिद्धेश्वर-पावणाईला आजही चौऱ्याऐंशी खेड्यांचे अधिपतिपद आहे. महालाची कचेरी कधीच उठली, तहावर शिक्के मारणाऱ्यांची राज्ये गेली, तालुक्याचे ठाणे देवगडला गेले. चौऱ्याऐंशी खेड्यांची गणती मात्र देवाच्या दरबारात राहिली. पूर्वपक्षाच्या हिशेबाने हे उलटे व्हायला हवे होते: पक्की ती सरकारी हद्द टिकायला हवी होती आणि शोभेची ती विरून जायला हवी होती.

बाकीचा हिशेब भराभर सांगता येतो. १७५६ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांच्या मदतीने तुळाजी आंग्र्यांचा पाडाव केला आणि विजयदुर्ग पेशव्यांच्या आरमाराचे, पुढे धुळपांचे ठाणे झाले. १८१२ मध्ये करवीरकरांनी मालवण आणि सावंतांनी वेंगुर्ला इंग्रजांना दिले. १८१८ मध्ये उरलेला पेशवाई कोकण गेला. इंग्रजांनी दक्षिण कोकणचा जिल्हा केला तो बाणकोटला बसून. १८२२ मध्ये कचेरी रत्नागिरीला आणली. १८३० मध्ये बाणकोट खाडीच्या उत्तरेचे तालुके तोडून रत्नागिरीला दुय्यम दर्जा दिला आणि १८३२ मध्ये पुन्हा पूर्ण जिल्हा केला. १८६८ मध्ये तालुक्यांची फेररचना झाली. सावंतवाडी संस्थान या सगळ्याच्या बाहेरच होते. ते १९४८ मध्ये रत्नागिरीत आले. तेव्हा ज्या ‘परंपरागत अखंड रत्नागिरी’साठी हळहळ व्यक्त होते तिचे आयुष्य १९४८ ते १९८१, म्हणजे अवघे ३३ वर्षांचे. माझ्या पिढीतल्या अनेकांचे बालपण त्या वर्षांत गेले, त्यामुळे ते चित्र मनात घर करून बसले हे मी समजू शकतो. पण बालपणाचा नकाशा म्हणजे इतिहास नव्हे.

यावर दुसरी बाजू लगेच म्हणेल: ठीक आहे, मग वाघोटनची खाडी ही निसर्गाचीच सीमा आहे आणि १९८१ ने ती फक्त मान्य केली. हेही मला पटत नाही. आंग्र्यांनी आणि पेशव्यांनी दोन्ही काठ एका सत्तेखाली ठेवले हे वर आलेच. इंग्रजी अमलाच्या पहिल्या पन्नास वर्षांत या जिल्ह्याचे मोठे तालुके किल्ल्यांच्या नावाने ओळखले जात: सुवर्णदुर्ग, अंजनवेल, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण. राजापूर, देवगड ही तालुक्यांची नावे १८६८ च्या फेररचनेत पुढे आली. किनाऱ्यावरच्या माणसाला खाडी ही भिंत कधीच नव्हती. रस्ते नव्हते तेव्हा नाट्याहून विजयदुर्गला होडीने जाणे हे घाटमाथ्याकडे चालत जाण्यापेक्षा कितीतरी सोपे होते. वाघोटन ओलांडली म्हणून बोली पालटत नाही, सोयरीक थांबत नाही, भजनाची चाल बदलत नाही. उत्तरेला नमन-खेळे अधिक आणि दक्षिणेला दशावतार अधिक हे खरे, पण हा बदल हळूहळू होत जातो. जिल्ह्याच्या पाटीपाशी तो होत नाही.

आतापर्यंत मी इतकेच दाखवले की सरकारी हद्द समजतात तितकी जुनीही नाही आणि पक्कीही नाही. मुख्य मुद्दा पुढे आहे. मानाची हद्द आणि कारभाराची हद्द या दोन निराळ्या वस्तू होत्या, हे गृहीतच चुकीचे आहे.

वतनाचे जुने कागद उघडून पाहावेत. देशमुख, देसाई, पाटील, खोत, कोणाचेही वतन घ्या. त्यात हक्क, लवाजमा, इनाम जमीन यांच्या जोडीने मानपानाची कलमे येतात: होळीची पोळी कुणाची, दसऱ्याला आपट्याची पूजा आधी कुणी करायची, तोरण कुणाच्या दारी, विडा कुणाला पहिला. हे कुणी हौसेने टाकलेले नाही. भाऊबंदांत वाटणी होताना शेताचा जसा हिस्सा पडे तसा मानाचा पडे, आणि त्यावरून दिवाणात वर्षानुवर्षे भांडणे चालत. कारण त्या काळात गावाचा अधिकारी कोण हे गावाला कळण्याचा मार्ग तोच होता. गॅझेट नव्हते, चावडीवर नोटीस डकवायची सोय नव्हती. वर्षातून एकदा सगळ्या गावासमोर ज्याचा नारळ पहिला वाढवला गेला तो खोत किंवा गावकर, आणि त्याच्या वाड्या त्या याच, हे चारशे डोळ्यांनी पाहिले की नोंद झाली. पालखीची भोवनी हीच गावाची मोजणी होती. ती ज्या घराच्या दारात थांबे ते घर गावाचे, ज्या वळणावरून परते ते वळण शिवेचे.

शिवेचा तंटा पडला की काय होई ते वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरच्या १९५३ च्या ग्रंथात साधार मांडले आहे. गोत बसे. देशमुख-देशपांड्यांपासून बलुतेदारांपर्यंत सारे जमत, साक्षी होत, महजर लिहिला जाई आणि खाली कुणाचा नांगर, कुणाचा तराजू अशा निशाण्या पडत. साक्षींनी उलगडा झाला नाही तर दिव्य. दोन्ही गावांना मान्य असलेला माणूस देवाची आण घेऊन, डोक्यावर माती किंवा कातडे घेऊन वादातल्या शिवेवरून चाले. ठरल्या मुदतीत त्याच्यावर अरिष्ट आले नाही तर तो जिथून चालला ती शीव कायम. याला धार्मिक विधी म्हणायचे की महसुली निवाडा? ज्यांनी तो केला त्यांना हा प्रश्न पडला नसता. तो विधी हाच निवाडा होता, आणि त्याचा कागद दप्तरात जपला जाई.

इंग्रजी मोजणीने हे सारे पुसून नवी शास्त्रीय हद्द आखली, असे पुढचे प्रतिपादन असते. साखळी आली, नकाशे आले, दगड रोवले गेले हे खरे. पण दगड कुठे रोवायचा हे कुणी सांगितले? १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात गावच्या हद्दी ठरवण्याची तरतूद आहे. लगतच्या गावांचे वतनदार पाटील आणि इतर गावकामगार एका रेषेला आपण होऊन कबूल झाले, तर त्यांच्याकडून करार लिहून घ्यायचा आणि तीच रेषा हद्द धरायची. महजरच हा, फक्त देवाची आण गेली आणि अधिकाऱ्याची सही आली. तालुके आणि जिल्हे इंग्रजांनी सोयीने हलवले, मौजे मात्र होती तशी उचलली. आज सातबाऱ्यावर ज्या मौज्याचे नाव असते त्याची शीव बहुतेक ठिकाणी मानकऱ्यांनी, खोतांनी आणि महारांनी दाखवलेली आहे.

मान आणि कारभार वेगळे आहेत हा धडा देणाऱ्या इंग्रज सरकारने स्वतः काय केले तेही पाहण्यासारखे आहे. त्याच सरकारने संस्थानांची प्रतवारी तोफांच्या सलामीवर केली. करवीरला १९ तोफा, सावंतवाडीला ९. कुठल्या दरबारात कोण कुठे बसेल, कुणाला कुणी सामोरे जायचे, हे त्यावर ठरे. गावच्या खोताचा पहिला नारळ ही अडाणी रूढी, आणि सरदेसायांच्या नऊ तोफा हे राज्यशास्त्र, असा भेद करायला मला काही आधार दिसत नाही.

विलायतेतही हा भेद तितका स्वच्छ नाही. इंग्लंडच्या सीमेलगतच्या स्कॉटलंडच्या मुलखात १९७५ मध्ये जुन्या काउंट्यांचा कारभार संपवून नवी रचना आली. पण राजाच्या प्रतिनिधीची मानाची क्षेत्रे बर्विकशायर, ट्वीडडेल अशी जुन्याच नावांनी आणि जवळपास जुन्याच सीमांनी ठेवली. हॉइक आणि सेलकर्क या गावांत दर उन्हाळ्यात शेकडो घोडेस्वार निशाण घेऊन गावच्या जुन्या सामाईक जमिनीच्या कडेने दौड करतात. आज तो उत्सव आहे. सुरुवातीला ती शेजाऱ्याने जमीन दाबली की नाही हे पाहण्याची गस्त होती. सीमेवरच्या माणसाला राज्यकर्त्याच्या शब्दावर विसंबून चालत नाही; हद्द स्वतः पायाखाली घालावी लागते, म्हणून सीमाभागात असे विधी दाट असतात. आपल्याकडे आचरा, चिंदर, मुणगे या गावांची गावपळण घ्या. काही वर्षांनी एकदा देवाचा कौल घेऊन सबंध गाव गुराढोरांसह शिवेबाहेर राहायला जातो. शीव नेमकी कुठे, कोणते घर आत आणि कोणते बाहेर, हे तिथल्या शाळकरी पोराला ठाऊक असते. तलाठ्याच्या नकाशावरून ते सांगू शकणारे किती निघतील?

आता सर्वांत वजनदार आक्षेप. मानाच्या या हद्दी म्हणजे जातीची उतरंड आणि खोतशाहीची मिजास. त्या मेल्या तर बरे. हा आक्षेप मी टाळणार नाही, कारण त्यात खोटे काही नाही. खोताचा पहिला मान आणि कुळाच्या धान्यातला खोताचा वाटा ही एकाच सत्तेची दोन टोके होती. डॉ. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. त्यांचे मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यातले, मंडणगड तालुक्यातले. कायदा व्हायला १९४९ साल उजाडले. महारांची स्थिती तर याहून बोलकी. शिवेच्या वादात महाराची साक्ष सर्वांत मोलाची धरत, कारण शीव राखण्याचे काम त्याचे. हद्दीचे ज्ञान त्याच्याजवळ, मान दुसऱ्याचा, आणि पालखी त्याच्या वाडीवर जाई की नाही हा वेगळाच प्रश्न. ज्या भोवनीने गाव कोण हे ठरवले तिनेच गावाबाहेर कोण हेही ठरवले.

पण हा आक्षेप माझ्या म्हणण्याला छेद देत नाही, उलट बळ देतो. मान ही नुसती शोभा असती तर तो नाकारल्याने कुणाचे काय बिघडले असते? तो नाकारल्याने माणूस पाण्याला, जमिनीला, पंचायतीतल्या शब्दाला मुकला. कारण मान हाच अधिकार होता. ‘ते काय, सणापुरते’ म्हणणारा सुधारक नकळत त्या अन्यायाचे वजन कमी करतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या नवव्या कलमाने तर याचा कायदेशीर निकालच दिला आहे. मालमत्तेचा किंवा पदाचा हक्क धार्मिक विधींच्या प्रश्नांवर सर्वस्वी अवलंबून असला तरी तो दावा दिवाणी आहे, आणि १९७६ च्या दुरुस्तीनंतर त्या पदाला मेहनताना असो वा नसो. नुसत्या मोठेपणासाठी कोर्टात जाता येत नाही, पदासाठी येते. म्हणजे दर शिमग्याला पालखीच्या वाटेवरून आणि खांद्यावरून जी प्रकरणे तहसील, पोलीस ठाणे आणि कोर्टापर्यंत जातात त्यांना हसण्याचे कारण नाही. गावात अधिकार कुणाचा हा जुना खटला तिथे चालू असतो, आणि त्यात आजवर बाहेर ठेवलेल्या वाड्या आपली बाजू मांडत असतात.

रत्नागिरी शहराचेच पाहा. नगरपालिकेचे प्रभाग प्रत्येक निवडणुकीपूर्वी बदलू शकतात. श्री देव भैरीच्या बारा वाड्या मात्र बाराच, आणि झाडगावच्या सहाणेवर पालखी बसली की त्या बारांतला प्रत्येक जण आपली पाळी ओळखतो. माझे म्हणणे असे नाही की प्रभाग मोडून वाड्यांवर मतदान घ्यावे. दवाखाना, शाळा, रेशन, कोर्ट ही कामे जिल्हा-तालुक्याचीच, आणि सिंधुदुर्ग वेगळा झाल्याने सावंतवाडी-दोडामार्गच्या माणसाचा कचेरीचा हेलपाटा कमी झाला हा त्याचा नक्की फायदा आहे. आक्षेप आहे तो एवढाच की इतिहास लिहिताना आणि निर्णय घेताना फक्त एकाच प्रकारची हद्द पुरावा म्हणून धरली जाते.

त्याचा परिणाम नाट्याच्या दारातच दिसला. जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पासाठी ९३८ हेक्टर जमीन घेतली गेली ती माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे आणि वारिलवाडा या पाच गावांची. प्रकल्पबाधित कोण, हे त्या यादीने ठरवले, कारण जमिनीच्या अभिलेखात हद्द असते ती जमिनीचीच. खाडीपलीकडचे साखरीनाटे या यादीत बसत नव्हते; त्यांच्या सातबाऱ्यातली गुंठाभर जमीनही जात नव्हती. पण त्या किनाऱ्यासमोरच्या पाण्यावर जगणारे मच्छीमार साखरीनाट्याचेच. प्रकल्पातून समुद्रात सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याची आणि मासेमारीला घातल्या जाणाऱ्या बंदीची धास्ती सर्वांत आधी त्यांनी घेतली आणि विरोधही सर्वांत नेटाने त्यांनी केला. त्यावर, ‘यांची जमीन गेली नाही, मग यांचा संबंध काय?’ असे विचारले गेले. विचारणाऱ्यांच्या लेखी तालुक्याच्या नकाशावर जे रेखलेले नाही ते अस्तित्वातच नव्हते. वहिवाटीच्या पाण्याची हद्द कोळी आणि दालदी मच्छीमारांना तोंडपाठ असते: कोणत्या खडकापाशी कुणाचे जाळे, कोणत्या दिवसांत कोणत्या तोंडाशी होडी लावायची नाही. ती महजरात लिहायला कुणी गोत बसवले नाही. पाच गावांची यादी करणाऱ्यांनी कोरड्या जमिनीच्या उताऱ्यांबरोबर किनाऱ्यावरच्या या साक्षीही घेतल्या असत्या, तर सहावे नाव साखरीनाट्याचे पडले असते.